तांदळातली मालती

थांबवा! मृदंग थांबवा, पेटी थांबवा. टाळकरी, तुम्हीही जरा दम घ्या. दुपारपासून कुटताय नुसते. देव काही बहिरा नाही हो!

मंडळी, नामसप्ताह चाललाय. नाव घेऊन घेऊन तुमचे घसे बसले. उत्तम आहे, पुण्य लागलं. पण आज मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी काही गळ्यातला हार काढणार नाही. सांगा — नाव कुणाचं असतं? ज्याला ठेवलं त्याचं, की ज्यानं ठेवलं त्याचं? आणि माणसाचं नाव त्याला न विचारता काढून घेतलं, तर त्याला चोरी म्हणायचं की नाही?

बघा, लगेच माना हलल्या! “चोरी, बुवा, चोरी!” म्हणे. थांबा. अजून आख्यान सुरू व्हायचंय. माना जरा जपून हलवा, शेवटी त्याच खाली घालायची वेळ येईल.

नावाचं प्रेम कुणाला नाही? तो पंखा बघा, माझ्या डोक्यावरचा. पात्यावर दात्याचं नाव लिहिलंय. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून पंखाच लावत नाहीत! इथं मी घामानं भिजतोय आणि दाते खाली बसून स्वतःचं नाव वाचतायत. बरं, नाव राहू द्या, आडनावांचं बघा. कुणी गावावरून आलं, तो झाला ‘कर’. कुणी धंद्यावरून, कुणी वतनावरून. कुणाच्या पणज्यानं काही तरी पराक्रम केला, ते चिकटलं. आमच्या गावात एक वाघमारे आहेत. पूर्वजानं वाघ मारला असेल, माझं काही म्हणणं नाही. पण हे घरात झुरळ दिसलं की पाटावर चढतात आणि बायकोला हाक मारतात! आणि एक दहातोंडे आहेत. त्यांना आहे ते एक तोंडसुद्धा सासऱ्यासमोर उघडत नाही.

हसा, हसा. पण काही नावं अशी असतात, की ती ऐकून हसणाऱ्याची मला कीव येते. धोंडू. दगडू. भिकू. केरबा. शहाणीसुरती माणसं पोटच्या पोराला धोंडा का म्हणतील हो? सांगा की! कारण आधीची पोरं गेलेली असतात. एकेक करून पाळण्यातून उचलून नेलेली असतात. मग आई म्हणते — सुंदर नावं ठेवली, ती मृत्यूला आवडली. आता असं नाव ठेवते, की तो दारात येईल, नाव ऐकेल आणि म्हणेल, “हा तर धोंडा आहे, मी काय करू नेऊन?” आणि पुढच्या घराला जाईल! ते नाव म्हणजे आईनं काळाला दिलेली थाप असते. ज्याला धोंडू म्हणतात ना, त्याच्या आईसारखं प्रेम कुणी केलं नसेल.

तर मंडळी, ऐका. अशीच एक धोंडी होती.

कुठली? नदीकाठच्या एका गावची, गाव तुम्ही विचारू नका. तिच्या आधी आईला मुलं झाली — कलावती, मनोहर, शशिकला. काय नावं! पाळण्यावर शोभतील अशी. एकही चालायला लागलं नाही. मग ही झाली. बारशाला बायका जमल्या. बाळाबरोबर वरवंटा नटवून पाळण्यात ठेवतात, पाहिलंय ना? टोपडं घालतात, कुंकू लावतात. तर आत्या नाव ठेवायला वाकली आणि आईनं तिचा हात धरला. म्हणाली, “वन्सं, नको. पाळण्यात दोघं आहेत. त्यातला एक कधी मरत नाही. त्याचंच नाव हिला द्या.”

धोंडी! बायकांच्या हातातले घुगऱ्यांचे द्रोण तसेच राहिले. पण आत्यानं ते नाव कानात सांगितलं. आणि पोरगी जगली! रांगली, चालली, गोवर आला तो गेला, पुरात घर बुडालं त्यातून वाचली. आई म्हणायची, “तुला मी नाही राखली गं, तुला नावानं राखलंय.” पोरीच्या मनात ते घट्ट बसलं. कुणी हसलं तर ती म्हणायची, “हसा, मी आहे ना अजून?”

आता दुसरं घर बघा. पलीकडच्या तालुक्यात भास्करराव निमसोडकर, कापडाचं दुकान. माणूस वाईट नाही हो. गिऱ्हाइकाला वीतभर जास्त कापड देईल, पण आईपुढं आवाज निघायचा नाही. आई म्हणजे माई, घरची सत्ता सगळी त्यांच्या पदराला बांधलेली. भास्कररावांची बायको मालती आषाढात तापानं गेली. तरणीताठी पोर, चार दिवसांत होत्याची नव्हती झाली. मागं एक मुलगी, कुमुद, पाच-सहा वर्षांची. तिला काय सांगितलं असेल? आई मामाकडं गेलीय, येईल. झालं! रोज संध्याकाळी पोर ओट्यावर. “आई कधी येणार?” “येईल.” “कधी?” “येईल म्हटलं ना!” मोठी माणसं खोटं बोलतात आणि वर रागावतात. आहे की नाही गंमत?

पुढच्या वैशाखात भास्कररावांचं दुसरं लग्न ठरलं, धोंडीशी. वयात अंतर होतं, पण धोंडीच्या बापाची परिस्थिती काय सांगावी, मुलीला दोन वेळचं जेवण मिळेल एवढंच त्यांनी पाहिलं. निघताना आईनं मुलीला कवेत घेतलं आणि कानात म्हणाली, “तिथं काय नाव ठेवतील ते ठेवोत. त्यांचा मान आहे. पण मनात तू धोंडीच राहा. ते नाव सोडू नकोस, बयो. मला भीती वाटते.”

लग्न लागलं. वरात घरी आली. लक्ष्मीपूजन मांडलं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, भास्कररावांनी बोटातली अंगठी काढली, आणि तांदळात नवरीचं नवं नाव लिहायला घेतलं. सगळ्या बायका वाकून बघतायत. काय असेल हो? वसुधा? सुनंदा? अंगठी फिरतेय. पहिलं अक्षर — ‘मा’. दुसरं — ‘ल’. तिसरं — ‘ती’.

मालती!

अहो, मेलेल्या बायकोचं नाव! जिच्या चितेचा धूर दहा महिन्यांपूर्वी त्याच माणसानं डोळ्यांनी पाहिला, तिचं नाव त्याच हातानं जिवंत पोरीच्या कपाळी लिहिलं! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुम्हाला नाही आला? मग तुमच्या घरात तपासा, कुठं तरी असंच एखादं ताट मांडून ठेवलेलं असेल.

ते असं का केलं? माईंनी सांगितलं म्हणून. आणि माईंना विचारा, त्यांच्याकडं कारणं तयार! “पहिलीचा जीव घरात अडकलाय. दुसरी आली की ती रुसेल, सतावेल. नाव तेच ठेवलं म्हणजे तिला वाटेल, मीच आहे. शांत राहील. शिवाय कुमुदला नवी आई आली असं सांगायला नको. मालती आली, आई आली, प्रश्न मिटला. आणि भांड्यांवर मालतीचं नाव कोरलेलं आहे. पुन्हा कशाला कासाराला बोलवायचं?”

घ्या! घागर जुनी, कळशी जुनी, नाव जुनं, फक्त बाई नवी! आणि मंडळी, भास्कररावांनी उखाणा घेतला. ऐका उखाणा:

“दारी लावला वेल, त्याला आली फुलं,
मालतीच्या पावलांनी घर माझं खुललं!”

छान आहे ना? टाळ्या पडल्या. पण मागच्या रांगेत एक म्हातारी होती, ती शेजारणीला हळूच म्हणाली, “अगं, हा तर मागच्या लग्नातलाच!” उखाणासुद्धा बदलला नाही हो! नाव तेच, मग उखाणा कशाला नवा? अशी काटकसर मी जन्मात पाहिली नाही. आणि ते ताटातले तांदूळ? दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला. सगळ्यांनी खाल्ला. ढेकर दिला.

नवरीच्या गळ्यात माईंनी मंगळसूत्राच्या शेजारी चांदीचा टाक बांधला. सवतीचा टाक. चांदीच्या पत्र्यावर बाईची छोटी मूर्ती असते, पाहिली असेल काही जणांनी. पहिली गेली की दुसरीच्या गळ्यात बांधतात, म्हणजे पहिलीचा मान राहतो. आणि माई म्हणाल्या, “आता धोंडी-बिंडी विसरायचं. दगडाचं फूल झालीस, पोरी. नशीब काढलंस.”

आता सांगा, तिनं नशीब काढलं का? तुमच्यातले निम्मे म्हणतील, काढलं की! धोंडीपेक्षा मालती केव्हाही बरं. अहो, तुम्हाला कळत कसं नाही? एक नाव असं होतं, की ज्याला मृत्यू फसला. आणि त्याच्या बदल्यात तिला दिलं ते असं, की जे मृत्यूनं एकदा नेलेलं होतं! पत्ता पाठ होता त्याला त्या नावाचा!

पोरगी घाबरली. माजघरातून हाक यायची — “मालती!” आणि ही हलायचीच नाही. तिला वाटायचं, त्या गेलेल्या बाईलाच कुणी तरी बोलावतंय, आणि ती बाई आता येईल. माई चिडायच्या, “बहिरी आहेस का गं?” पाण्याला जावं तर कळशीवर कोरलेलं, सौ. मालती. ताट वाढावं, ताटावर सौ. मालती. गळ्यात टाक. आरशात बघायचं तिनं सोडून दिलं. श्रावण येईपर्यंत चेहरा इतका उतरला, की वैद्य येऊन नाडी बघून गेले. म्हणाले, काही नाही, अशक्तपणा आहे. नाव हरवल्याचा काढा कुठल्या वैद्याकडं असतो हो?

आणि कुमुद? तिला सगळ्यांनी सांगितलं, “बघ, आई आली!” पोर लग्नाच्या गर्दीत पुढं आली, पदर वर करून नवरीचं तोंड पाहिलं, आणि न बोलता मागं गेली. लेकराला फसवता येत नाही. मोठी माणसं फसतात, कारण त्यांना फसायचंच असतं.

एक दिवस दुपारी धोंडी मागच्या अंगणात भांडी घासत होती. राखेनं कळशीवरचं ते नाव घासतेय, घासतेय — कोरलेलं नाव जातंय होय? कुमुद येऊन समोर बसली. म्हणाली, “तू माझी आई नाहीस.”

“नाही,” धोंडी म्हणाली.

“मग मालती का म्हणतात तुला?”

“मला तरी कुठं ठाऊक आहे?”

“तुझं खरं नाव काय?”

धोंडीनं आजूबाजूला पाहिलं. चोरून काही द्यावं तसं हळूच म्हणाली, “धोंडी.”

कुमुद हसली! आई गेल्यापासून त्या घरात ती पहिल्यांदा हसली. “धोंडी? म्हणजे दगड?”

“हो. वरवंट्याची बहीण मी.”

“मग तू मरणार नाहीस,” कुमुद म्हणाली.

बघा हो! जे माईंना कळलं नाही, वैद्याला कळलं नाही, ते पोरीला कळलं. त्या दिवसापासून दोघींचं ते गुपित. चारचौघांत कुमुद काहीच हाक मारायची नाही. पण आडबाजूला, गोठ्यामागं, तुळशीपाशी — “धोंडी, माझी वेणी घाल.” “धोंडी, गोष्ट सांग.” आणि धोंडीला त्या हाकेवर चार घास जास्त जायचे.

आता मंडळी, सावरून बसा. भाद्रपद आला. पितृपक्ष. नवमी! कुठली नवमी? अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिचं श्राद्ध त्या दिवशी. वर्षश्राद्ध भास्कररावांनी नदीवर जाऊन उरकलं होतं, पोरीला कळू नये म्हणून. पण ही नवमी माईंनी घरातच मांडली. कुमुदला खेळायला शेजारी पाठवलं. गणूभटजी आले. स्वयंपाक झाला. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालतात, गेलेल्या बाईच्या नावानं. तिची ओटी भरतात, तिला लुगडं देतात. ठरलेली सवाष्ण होती शेजारची. पण ऐनवेळी निरोप आला, त्यांच्या माहेरी सुतक पडलंय, येता येणार नाही.

आता काय करायचं? पानं वाढलेली. माई म्हणाल्या, “घरात आहे की सवाष्ण! बस गं तूच.”

आणि धोंडीला पाटावर बसवलं! समजलं का तुम्हाला काय झालं ते? जिच्या नावाचं श्राद्ध, तेच नाव पाटावर जेवायला! इकडं दर्भावर पिंड मांडलेला, तिकडं केळीचं पान मांडलेलं. मधे भास्करराव जानवं उजव्या खांद्यावर घेऊन बसलेले. गणूभटजींनी विचारलं, “नाव?”

“मालती.”

“गोत्र?”

“काश्यप.”

भटजींनी सुरू केलं. काश्यप गोत्राची, मालती नावाची, भास्करराव निमसोडकरांची पत्नी... आणि भास्कररावांनी हातातलं तिळाचं पाणी पिंडावर सोडलं. मालतीला हे पोचो. मालती तृप्त होवो.

धोंडीच्या हातातला घास हातातच राहिला. अहो, तुमच्या कानांनी तुमचा पिंड पडताना ऐकलाय का कधी? नाव तिचं, गोत्र आता तिचं, नवराही तिचा! त्या मंत्रात असा एकही शब्द नव्हता, की जो तिला लागू पडत नव्हता. यमाचा दूत येऊन उभा राहिला असता ना, तर त्यानं कुणाकडं बघितलं असतं? पाटावर बसलेल्या जिवंत मालतीकडं!

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, “पिंड कुणाचा?”

कुमुद! खेळ सोडून आली होती. दारात उभी. सगळे गार! माई म्हणाल्या, “तू जा गं बाहेर.” पण गणूभटजी बिचारे साधे. ते डोळे मिटून मंत्रात होते. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, “मालतीबाईंचा हो, बाळ.”

पोरीनं पाटाकडं पाहिलं. “ही तर जेवतेय,” ती म्हणाली. मग पिंडाकडं पाहिलं. मग बापाकडं. आणि मंडळी, त्या लेकराचा चेहरा... मी सांगू शकत नाही. हळूहळू कळत गेलं तिला. घरात मालती दोन आहेत. एक समोर आहे. म्हणजे जी मामाकडं गेलीय, तिचा हा पिंड.

“माझी आई मेली?”

भास्करराव खाली बघतायत. माई पदर तोंडाला लावून उभ्या. वर्षभर सगळ्यांनी मिळून एका पोरीपासून तिच्या आईचं मरण लपवलं. तिला रडूसुद्धा दिलं नाही! आणि ते लपवायला वापरलं कुणाला? एका दुसऱ्या पोरीला!

धोंडी पाटावरून उठली. श्राद्धाच्या पानावरून उठू नये, पण ती उठली. कुमुदजवळ गेली, गुडघ्यावर बसली, म्हणाली, “हो, बाळ. तुझी आई गेली. मालती गेली. गेल्या वर्षीच्या आषाढातच गेली. तू रड.”

आणि पोर रडली. वर्षाचं रडणं होतं ते. शेजारच्या माडीवर ऐकू गेलं.

गणूभटजींनी आता डोळे उघडले होते. ते गोंधळले, पण माणूस सज्जन. म्हणाले, “भास्करराव, हा मोठा दोष झाला हो! जिवंत स्त्रीच्या नावानं पिंड पडला. मला आधी सांगायचं नाही का? आता सवाष्णीचं नाव निराळं घेऊन पुन्हा संकल्प करू. यांचं मूळचं नाव काय?”

भास्कररावांनी तोंड उघडलं. आणि तसंच ठेवलं.

त्यांना आठवेना! वैशाखात लग्न झालं, भाद्रपदात नाव आठवेना! त्यांनी आईकडं पाहिलं. “माई, हिचं नाव काय हो होतं?” माई म्हणाल्या, “होतं काही तरी खेडवळ.” अरे! ज्या बाईच्या हातचं रोज जेवताय, तिचं नाव त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नाही! दुकानातल्या कापडाच्या प्रत्येक गाठीचं नाव भास्कररावांना पाठ होतं.

हुंदक्यातून आवाज आला, “धोंडी.” कुमुद बोलली. “तिचं नाव धोंडी आहे. तिचं तिला द्या. माझ्या आईचं माझ्या आईला द्या.”

माई भडकल्या. भडकायचंच होतं त्यांना, दुसरं करणार काय? “धोंडी! भटजींसमोर हे नाव घ्यायचं? अगं, आम्ही तुला फुलाचं नाव दिलं! दगडाची हौस आहे तुला?”

आणि धोंडी पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं बोलली. “माई, तुम्ही दिलंत ते तुमचं नव्हतं. ते त्यांचं होतं. त्या गेल्या, पण नाव त्यांचंच राहतं. मी ते घालून बसले म्हणून त्यांना कुणी रडलं नाही, आणि मी जिवंत आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या आईनं तीन मुलं पुरली, तेव्हा हे धोंडी नाव सापडलं तिला. खेडवळ असेल. पण त्याच्यापाशी मृत्यू थबकला होता. मला माझं द्या. लुगडं नको, ओटी नको.”

मग तिनं गळ्यातला टाक सोडला. माईंनी डोळे मिटले, आता काही तरी अनिष्ट होणार म्हणून. धोंडीनं तो कुमुदच्या मुठीत ठेवला. “ही तुझी आई. हिला माझ्या गळ्यात करमत नव्हतं.”

काय झालं असेल अनिष्ट? काही नाही! छप्पर कोसळलं नाही, मालतीचं भूत आलं नाही. अहो, त्या बिचारीला भूत व्हायची गरजच काय होती? तिला फक्त तिच्या लेकीनं एकदा रडायला हवं होतं.

भटजींनी पुन्हा संकल्प केला. पिंड मालतीचा. सवाष्ण धोंडीबाई. ते नाव गणूभटजींनी असं खणखणीत घेतलं, की भास्कररावांची मान वर झाली. धोंडी पानावर बसली आणि पोटभर जेवली.

संपलं असं वाटतंय ना? नाही संपलं. मला बसलेला खरा धक्का पुढंच आहे.

जेवणं झाली. माई मागच्या दारी एकट्याच बसल्या होत्या. धोंडी त्यांना पाणी द्यायला गेली. तांब्या खाली ठेवला आणि सहज विचारलं, “माई, तुम्हाला इथं उमा नाव ठेवलं. तुमचं बारशाचं काय?”

माई म्हणाल्या, “माझं?” आणि थांबल्या. “थांब हं. होतं की. असं कसं... दादा मला हाक मारायचा विहिरीवरून... काय बरं म्हणायचा?” कपाळाला हात लावला. आठवेना! अहो, स्वतःचं नाव! चाळीस-पन्नास वर्षं कुणी उच्चारलंच नाही, मग राहणार कुठं? ती कडक बाई, जिच्या आवाजानं घर थरथरायचं, ती लहान मुलीसारखी रडवेली झाली. “अगं, मला माझं नावच आठवत नाही गं!” भास्करराव दारात येऊन उभे राहिले. आईला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

धोंडी तिथंच बसली. म्हणाली, “विहिरीवरून दादा हाक मारतोय. तुम्ही काय करताय?”

“मी... चिंचा पाडतेय.”

“तो काय म्हणतोय?”

माईंनी डोळे मिटले. आणि मग ओठ हलले. “आवडी,” त्या म्हणाल्या. “आवडे, खाली उतर, पडशील!” आणि पदरात तोंड घालून रडल्या.

आवडी! हवीहवीशी झालेली, सगळ्यांची लाडकी लेक, म्हणून ठेवलेलं नाव. ते नाव सासरी आल्या दिवशी ताटातल्या तांदळात पुसलं गेलं आणि भातात शिजलं. आणि जिचं नाव आवडी होतं, तिनंच पुढं दुसरीचं नाव पुसलं! कशी पुसणार नाही? तिला वाटत होतं, नाव असंच असतं, जाणारच असतं.

आता मंडळी, कीर्तन तुमच्याकडं वळवतो. पाठ सरळ करा.

तुम्ही देवाला नावं दिली. किती? हजार! केशव म्हणा, माधव म्हणा, रागावून काळ्या म्हणा, तो येतो. हजार नावं मुखोद्गत आहेत तुम्हाला, एक चुकलं तर शेजारचा टोकतो. आणि ज्या बाईनं तुम्हाला नऊ महिने पोटात वागवलं, तिचं बारशाचं एक नाव सांगा. चला! पहिल्या रांगेतले फेटेवाले, सांगा! अध्यक्ष, तुम्ही सांगा, हार तुम्हीच घातलात मला. तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?

का हो? मान का खाली गेली? मघाशी किती जोरात हलत होती! “चोरी, बुवा, चोरी!” म्हणत होतात. मग चोरीचा माल कुणाच्या घरात निघाला?

शेजारच्याकडं बघू नका, त्यालाही ठाऊक नाही. आणि इथून गेल्यावर विसरू नका. मायमाउल्यांनो, आता तुम्हाला सांगतो. आज मृदंग वाजणार नाही, टाळ वाजणार नाहीत. तुम्ही एकेक जणी तुमचं बारशाचं नाव मोठ्यानं घ्या. लाजू नका. ठकी असेल तर ठकी म्हणा, नकोशी असेल तर नकोशी म्हणा. इतके दिवस देवानं स्वतःचं नाव ऐकलं, आज त्याला तुमचं ऐकू द्या.

कोण? कोण बोललं? खांबापाशी... आजी, तुम्ही? परत म्हणा. काय? बकुळा?

अध्यक्षसाहेब, मागं वळा. तुमच्या आई बोलताहेत.

आणि त्यांच्या शेजारच्या? सुंद्रा! पुढं — द्वारकी! रखमी! अहो, हळूहळू कशाला, घ्या की मोठ्यानं! अंबू! मथी! कृष्णाई! बघा, एकीचा आवाज दुसरीत मिसळतोय, मला आता ओळखू येईना कोण कोण ते. पेटीवाले, हात मागं घ्या. आरती होईल नंतर, देव काही पळून जात नाही.

अजून कुणाचं राहिलंय? तिकडं मागं, भिंतीला टेकून बसलेल्या आजी — तुम्ही ओठ हलवताय, पण आवाज नाही. आठवत नाही? नाही आठवत?

बसा, आजी. रडू नका. हे सगळे थांबतील. तुमचं आठवेपर्यंत इथून कुणी उठणार नाही.